व्होल्गाच्या उगमाजवळ कायमचे राहायला जावे का?

पत्नीच्या आजीचे रशियातल्या व्होल्गोव्हेर्खोव्ये गावाजवळचे लाकडी घर रिकामे पडले आहे, पुण्यातली नोकरी घरून करण्यासारखी आहे आणि मुलगी सात वर्षांची आहे, तेव्हा तिघांनी तिकडे कायमचे जाऊन राहावे का आणि तो मुलूख मुळात आहे तरी कसा, असे आपण विचारले आहे. माझे सासर सेलिगेर तलावाच्या काठचे आणि आमचे बिऱ्हाड त्वेर शहरात, त्यामुळे त्या बाजूला सर्व ऋतूंत जाणेयेणे असते. माझे मत आधीच सांगते: घर विकू नका, उन्हाळ्यासाठी अवश्य ठेवा, पण संसार जवळच्या ओस्ताश्कोव्ह शहरात मांडा. हे मत केवळ थंडीच्या धास्तीने दिलेले नाही. त्या गावाची आजची स्थिती तिथल्या जमिनीने आणि गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाने ठरवलेली आहे, आणि ती आपल्या उत्साहाने बदलणारी नाही.

व्होल्गोव्हेर्खोव्ये हे त्वेर प्रांतातले, वल्दाई टेकड्यांवरचे मोजक्या घरांचे गाव. ३,५३० किलोमीटर लांबीची व्होल्गा तिथल्या एका दलदलीतून निघते. झऱ्यावर खांबांवर उभारलेले एक लहान लाकडी प्रार्थनाघर आहे, त्याच्यापर्यंत लाकडी साकवावरून जाता येते आणि आतल्या जमिनीला ठेवलेल्या गोल भोकातून खालचे तपकिरी, पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, रंगाचे पाणी दिसते. बाहेर पडणारा ओहोळ जेमतेम हातभर रुंद असतो आणि कोरड्या वर्षी तोही कधी कधी आटतो. आपल्याकडे नदीचा उगम म्हटला की महाबळेश्वर डोळ्यांसमोर येते, आणि इथेच आपली कल्पना फसते. कृष्णा सुमारे १,३०० मीटर उंचीवरून निघते. व्होल्गाचा उगम समुद्रसपाटीपासून अवघ्या २२८ मीटरवर आहे. ती ज्याला मिळते तो कॅस्पियन समुद्र समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २८ मीटर खाली धरला, तरी एवढ्या प्रचंड वाटेत नदी एकूण अडीचशेच मीटर उतरते. उतार नसल्यामुळे पाणी वाहून जात नाही, साचते. म्हणून उगमानंतर नदी आधी वेर्खिती नावाच्या दोन लहान तळ्यांतून आणि मग स्तेर्झ, व्सेलुग, पेनो, व्होल्गो अशा तलावांतून वाट काढते. या तलावांच्या खाली १८४३ मध्ये एक बांध घालण्यात आला, तो उन्हाळ्यात खालच्या पात्रात नावा चालवण्याइतके पाणी सोडता यावे म्हणून.

हा सगळा प्रदेश हिमयुगातल्या बर्फाने घडवलेला आहे. बर्फ मागे हटताना दगडगोटे, वाळू आणि चिकणमाती यांचे उंचवटे सोडून गेला. वस्त्या त्या उंचवट्यांवर बसल्या आणि मधल्या खोलगटांत दलदल राहिली. माती आम्लधर्मी आणि निकस आहे. बटाटा, कोबी, राय आणि धाग्यासाठी लावले जाणारे जवस यांपलीकडे तिने फारसे कधी दिलेले नाही. दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खालचे दगड वर ढकलते, त्यामुळे वसंतात आमच्याकडे बटाटे लावण्याआधी दगड वेचावे लागतात, आणि गेल्या वर्षी साफ केलेल्या वाफ्यातही ते पुन्हा निघतात. हाच दाब आपल्या घराच्या पायावरही येत असतो. ओंडक्यांच्या घरात सर्वांत खालच्या दोन ओळी आधी कुजतात, एक कोपरा खचतो, मग दार चौकटीत बसेनासे होते. कित्येक हिवाळे बंद राहिलेल्या घरात विटांच्या मोठ्या चुलीला, म्हणजे पेचला, तडे जाण्याचाही संभव असतो. तेव्हा छपराआधी जाणत्या सुताराकडून खालचे ओंडके आणि गवंड्याकडून पेच तपासून घ्या. खर्च तिथे आहे.

इतक्या आडबाजूच्या जागेला इतिहास असण्याचे कारण म्हणजे ती पाणलोटाची सीमा आहे. पश्चिम द्विना नदीही याच वल्दाई भागात उगम पावते आणि बाल्टिककडे जाते, तर नीपर नदी दक्षिणेकडच्या उतारावरून निघून काळ्या समुद्राला मिळते. त्यामुळे एका नदीतून दुसऱ्या नदीत माल नेणाऱ्यांना हा भाग ओलांडावाच लागे. व्होल्गा जिथे स्तेर्झ तलावाला मिळते, तिथे एक दगडी क्रूस सापडला. त्यावर इवान्को पाव्लोविच हा वायव्येकडच्या नोव्हगोरोद शहराचा माणूस सांगतो की, आपण ही नदी खणायला घेतली आणि हा क्रूस उभा केला. तारीख आहे १४ जुलै ११३३. तो क्रूस आता त्वेरच्या संग्रहालयात आहे. आपण आलात तर उगमाच्या आधी तो पाहावा असे मी सुचवीन, कारण उगमापेक्षा त्यातून या मुलखाचे मोल अधिक कळते. पुढे १२३८ मध्ये तोरझोक हे गाव जिंकून सेलिगेरच्या वाटेने नोव्हगोरोदकडे निघालेले मंगोल सैन्य मार्चमध्ये अर्ध्यातून परतले. जवळ आलेला वितळणीचा चिखल हे त्याचे एक कारण इतिहासकार देतात. त्या चिखलाची गाठ आपल्यालाही पडणार आहे. (पंधराव्या शतकात त्वेरहून व्होल्गामार्गे निघालेला व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला पावसाळाभर राहिला होता, त्यामुळे आपल्या लोकांना इकडे अगदीच परके वाटू नये.)

खुद्द गावाचा इतिहास मठाभोवती फिरतो. झार अलेक्सेई मिखाइलोविचच्या आज्ञेने १६४९ मध्ये इथे मठ स्थापन झाला. तो १७२७ मध्ये जळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लाल विटांचे मोठे चर्च उभे राहिले, जोगिणींचा मठ झाला, आणि क्रांतीनंतर तो बंद पडला. आता तो पुन्हा नांदता आहे. गावाच्या मानाने हे चर्च फारच मोठे वाटते, आणि उन्हाळ्यात गावात दिसणारी बहुतेक माणसे यात्रेकरू किंवा पर्यटक असतात.

आसपासच्या वाड्या ओस का पडल्या, हे मात्र नीट समजून घ्यावे. १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने अंतर्गत पासपोर्ट सुरू केले, पण सामुदायिक शेतीवरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना ते दिले नाहीत, म्हणजे गाव सोडण्याची मोकळीकच दिली नाही. मग युद्ध आले. ओस्ताश्कोव्ह शत्रूच्या हाती पडले नाही, पण जवळचे, पेनो तलावाकाठचे पेनो गाव पडले आणि जानेवारी १९४२ मध्ये परत घेतले गेले. लढायला गेलेल्या पुरुषांपैकी अनेक परतले नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत लहान वाड्यांवर ‘भवितव्य नसलेली’ असा सरकारी शिक्का बसला आणि शाळा, दुकान, दवाखाना मोठ्या गावांकडे हलले. १९७४ च्या निर्णयाने ग्रामीण लोकांनाही पासपोर्ट मिळू लागले, तेव्हा तरुणांनी अर्थातच शहर गाठले. आपल्या सासरच्या आजींचे घर रिकामे होण्यामागे बहुधा हीच साखळी असावी.

आता रोजच्या जगण्याविषयी. ओस्ताश्कोव्ह तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. शाळा, रुग्णालय, रेल्वे स्थानक सारे तिथे. मे ते सप्टेंबर हा काळ खरोखर सुखाचा असतो: जूनमध्ये उजेड जवळजवळ अठरा तास, जंगलात ब्लूबेरी आणि अळिंबी. फक्त गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आधी घ्या, मुलीलाही द्या. डिसेंबरात दिवस साडेसहा तासांचा होतो आणि एप्रिलपर्यंत बर्फ असतो, पण अनुभवाने सांगते, बर्फ त्रासाचा नाही. गोठलेल्या रस्त्यावरून गाडी सुरळीत जाते. त्रास आहे तो एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, जेव्हा मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळणाऱ्या कच्च्या वाटा चिखलात बुडतात. मुलीला रोज शाळेत कसे पोचवणार आणि रात्री ताप चढला तर काय करणार, हे दोन प्रश्न त्या महिन्यांपुरते विचारून पाहा. मोडके रशियन बोलणारी मुलगी आणि शेजारी सत्तरीतल्या दोन आज्या, हे चित्र फोटोत गोड दिसते. समवयस्क सोबत मात्र तिला शहरातच मिळेल.

कागदपत्रांत एकच गोष्ट आवर्जून पाहा: जमिनीचा वर्ग. शेतजमीन परदेशी नागरिकाला विकत घेता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते; गावठाणातल्या घराखालच्या जमिनीला ही बंदी नाही. घराला लागून बटाट्याचे शेत असेल तर दोन्ही तुकड्यांचे वर्ग वेगळे असू शकतात, तेव्हा सगळे पत्नीच्या नावावर ठेवणेच सोपे. आणि पाहणीला जुलैत येऊ नका. एप्रिलच्या मध्याला या, ओस्ताश्कोव्हमध्ये खोली घ्या आणि तिथून आपल्या घरापर्यंत स्वतः गाडी नेऊन पाहा.