आधी तिचा फोन परत द्या

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने दोनदा नीट दिली, पहिल्यांदा ४१२, दुसऱ्यांदा ४४७. आता तिसऱ्यांदा बसायला तयार नाही, म्हणते मला अरब देशांचा इतिहास आणि राजकारण शिकायचंय. रात्री सिरिया, लेबनॉनचे व्हिडिओ बघत बसायची म्हणून मार्चपासून फोन काढून घेतलाय. वडील विचारतात, "आपला त्या लोकांशी संबंध काय? त्यांच्या धर्माचं शिकून ही करणार काय? हे खूळ डोक्यातून कसं काढावं? आणि शिकलीच तर निदान दुबईला नोकरी तरी लागेल का?"

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. ४४७ चं मला फार काही वाटलं नाही, तसे मार्क असलेली मुलं माझ्याकडे रोज येतात. मी अडकले ती फोनवर. वीस वर्षांची मुलगी आहे हो ती. तिच्या मैत्रिणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेल्या, ही घरात, हातात फोन नाही, आणि तुम्ही लिहिता की "आता जरा शांत झालीय, जेवते आणि खोलीत जाऊन बसते." तुम्हाला ती सुधारणा वाटतेय. मला त्याच वाक्याची भीती वाटली. आज रात्री फोन परत द्या, कुठलीही अट न घालता, आणि पुढचे पंधरा दिवस घरात नीट हा शब्द काढू नका, पाहुण्यांनाही काढू देऊ नका. झोप, जेवण बिघडलं असेल, बोलणंच बंद केलं असेल तर करिअर वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि आधी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. यात कमीपणा काही नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या दीड पानी पत्रात समाज आहे, पाहुणे आहेत, धाकट्या भावाची फी आहे, लग्नाचं वय आहे, पण तिला त्या विषयात नेमकं काय आवडतं हे एका ओळीत पण नाही. विचारलंयत का कधी? मला वाटतं नसेल विचारलं.

आता "आपला काय संबंध". थोडी चिडलेच हे वाचून. अहो, पुण्याच्या ज्या ससूनमध्ये आपली लेक एमबीबीएसला लागावी म्हणून लातूरच्या अर्ध्या खोल्यांमधले दिवे रात्री दोनपर्यंत जळतात, ते ससून कोण? डेव्हिड ससून. बगदादचा माणूस, १८३० च्या दशकात मुंबईत आला, व्यापारात अफाट पैसा कमावला (त्यात अफूचाही होता, उगाच देव नको करायला) आणि त्यातलाच काही पुण्याच्या हॉस्पिटलला दिला. घरात अरबी बोलणारा, आणि धर्माने ज्यू. तुमच्या मुलीला जे शिकायचंय त्याची गुंतागुंत या एका माणसात सापडते. बरं, एडन घ्या, आज येमेनमध्ये आहे. १८३९ पासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालायचा. आखातातल्या कितीतरी ठिकाणी १९६० च्या दशकापर्यंत बाजारात रुपया चालत होता, रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाच छापल्या होत्या. या सगळ्याची जुनी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही, लातूर एक्सप्रेस पुरे. आणि तुम्ही नीटचा अर्ज शेवटच्या तारखेच्या आत भरलात ना, त्यातला अर्जही अरबीतून आलाय आणि तारीखही. वकील, हक्क, जिल्हा, तालुका सगळे तिकडचेच, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले.

आणि अरब म्हणजे मुसलमान, म्हणजे मुलगी धर्माचं शिक्षण घेणार, ही समजूत तुमची एकट्याची नाही, निम्म्या पत्रांत असते. अरब ही ओळख मुख्यतः भाषेवरून येते. इराण अरब नाही, तुर्कस्तान नाही, अफगाणिस्तान तर नाहीच, पण आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. जगातल्या मुसलमानांपैकी अरब साधारण पाचातला एक, सगळ्यात जास्त मुसलमान इंडोनेशियात. उलट अरबांमध्ये ख्रिश्चन भरपूर आहेत, इजिप्तचे कॉप्ट घ्या, लेबनॉनचे मॅरोनाइट घ्या. लेबनॉनमध्ये तर १९४३ पासून अलिखित करारच आहे की राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा अध्यक्ष शिया, आणि त्या करारापायी तो देश किती भोगतोय हा एकटाच पाच वर्षं अभ्यासायचा विषय आहे. सिरिया आणि इराकवर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या बाथ पक्षाच्या संस्थापकांपैकी मिशेल अफलाक ख्रिश्चन घरातला. कैरोची अल-अझहर आज सुन्नी जगातली सगळ्यात मानाची संस्था, पण दहाव्या शतकात ती उभारली फातिमींनी, म्हणजे इस्माइली शियांनी, आणि त्याच फातिमींची परंपरा सांगणारे दाऊदी बोहरा आपल्या भेंडीबाजारात दुकानं चालवतात. कैरोमधली फातिमी काळातली अल-हाकिम मशीद पडायला आली होती, ती १९८० च्या सुमारास दुरुस्त केली बोहरांनीच. तर धर्म यात आहे, असायलाच हवा, पण तो असा आहे, राजकारणात आणि व्यापारात आणि भांडणात मिसळलेला. तो शिकायला कुणी धर्म बदलत नाही.

दुबईचं एका ओळीत सांगते. त्यासाठी अरबी शिकायची काहीच गरज नाही, आखातात जे ९० लाखांच्या आसपास भारतीय आहेत त्यातल्या बहुतेकांचं इंग्रजी, हिंदी, मल्याळमवर भागतं, त्यामुळे हेतू तेवढाच असेल तर हा लांबचा आणि महागडा रस्ता आहे, सोडून द्या.

आता थोडं मुलीला, हे तिला वाचायला द्या. बाळा, व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नाही. नीटपासून पळायला एखादी जागा हवी असते आणि ती जागा खूप सुंदर दिसते, हे मी बऱ्याच मुलांमध्ये बघितलंय, त्यात तुझी चूक नाही पण तपासून घे. अरबीची गंमत अशी की एक पुस्तकातली, बातम्यांतली, फुसहा म्हणतात ती, आणि एक रस्त्यावरची, जी प्रत्येक देशात वेगळी. फुसहात कुणी भाजी घेत नाही, आणि मोरोक्कोच्या माणसाचं घरगुती बोलणं बगदादच्या माणसालाही नीट कळत नाही. म्हणजे तुला दोन्ही शिकावं लागणार, आणि पहिली दोन वर्षं राजकारण बाजूला, नुसती क्रियापदं घोटायची. बायोपेक्षा सोपं आहे असं कुणी सांगितलं असेल तर खोटं आहे.

रस्ते ठरलेलेच आहेत. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) किंवा त्या-त्या विद्यापीठाची स्वतःची परीक्षा देऊन जेएनयू, जामिया, अलीगढ, हैदराबादला इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ), किंवा इथेच इतिहास वा राज्यशास्त्रात बीए करून सोबत अरबी शिकायची आणि एमएला पश्चिम आशिया घ्यायचं. (मध्यपूर्व म्हणू नकोस, ते लंडनहून बघितल्यावरचं नाव आहे, आपल्याकडून तो भाग पश्चिमेलाच येतो.) यंदाची सीयूईटी हुकली असेल तर दुसरा रस्ता घे, वर्ष घालवू नकोस, दोन गेलीत. यूपीएससीला अरबी साहित्य ऑप्शनल म्हणून आता घेता येत नाही, पण परराष्ट्र सेवेत गेलीस तर परदेशी भाषा सक्तीची असते आणि अरबी त्यात आहे.

भाऊ, पैशाचं खरं सांगते. एमबीबीएससारखी हमी यात नाही. संशोधन संस्था, पत्रकारिता, भाषांतर, दूतावासातली कामं, जागा थोड्या आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं पगार बेताचा. आणि हो, ओमान, इराक, येमेनहून उपचाराला येणाऱ्या पेशंटसाठी मुंबई-दिल्लीची मोठी हॉस्पिटलं अरबी दुभाषे ठेवतात. म्हणजे हॉस्पिटलात जायचीच असेल तर तशीही जाईल.

तिच्यासाठी एक काम देते. २०१० च्या डिसेंबरमध्ये ट्युनिशियातल्या सिदी बूझीदमध्ये एका फळवाल्याचा माल जप्त केला, त्याने स्वतःला पेटवून घेतलं, आणि महिन्याच्या आत २३ वर्षं गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष पळाला. पुढच्या महिन्यात इजिप्तचा गेला. सिरियातही लोक २०११ लाच रस्त्यावर आले, मग तिथली राजवट पडायला डिसेंबर २०२४ का उजाडावा लागला? व्हिडिओ न बघता, वाचून, मराठीत दोन पानं लिहायची. महिनाभर वेळ आहे. लिहायचा कंटाळा आला तर तिलाच तिचं उत्तर मिळेल, आणि दोनाची सहा पानं झाली तर तुम्हाला मिळेल. ती पानं मला पाठवा, तुम्ही टाइप करून नको, तिने पाठवू दे, तिच्या फोनवरून.