भंगारातलं प्लॅटिनम आणि निवृत्तीची पुंजी

निवृत्तीच्या रकमेतला जवळपास निम्मा भाग घालून जुन्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा विषारी धूर कमी करणारे डबे, विकत घ्यायचे आणि घरामागच्या शेडमध्ये आम्लाने त्यातलं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम काढायचं, असा तुमचा बेत आहे. माझं मत आधीच सांगतो: शेडचा विचार सोडून द्या. या व्यवसायात उतरायचंच असेल तर फक्त खरेदी-विक्रीपुरतं उतरा, तेही बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढ्याच रकमेवर.

तुमच्या हिशेबात प्रत्येक नगामागे ६ ग्रॅम धातू धरलाय, तिथेच पहिली गफलत आहे. गाडीबरोबर आलेल्या मूळ कन्व्हर्टरमध्ये तिन्ही धातू मिळून साधारण २ ते ६ ग्रॅम असतात. नंतर बदलून बसवलेल्या स्वस्त नगात त्याहून बरेच कमी. बाहेरून दोन्ही सारखेच पोलादी डबे. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार सिरॅमिकची वीट असते आणि तिच्या भिंतींवरच्या पातळ थरात धातूचे कण विखुरलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. वीट फुटून तिचे तुकडे धुरासोबत बाहेर गेले असतील तर डबा अर्धा रिकामा निघतो. म्हणून जाणकार खरेदीदार डब्यावरचा क्रमांक वाचतात, हलवून बघतात आणि मगच भाव सांगतात. या धंद्यातली खरी कमाई या पारखण्यात आहे.

आता आम्लाबद्दल. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, प्लॅटिनम आणि पॅलेडियम विरघळतं. ऱ्होडियम मात्र सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे तुमच्या कोष्टकातला सगळ्यात महाग धातू बहुतेक गाळातच राहील. शिवाय क्लोरीन आणि नायट्रोजन ऑक्साइडचे विषारी वायू निघतात, आणि प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांमुळे काम करणाऱ्याला दमा जडू शकतो. घरात माणसं राहतात, हे विसरू नका. मोठे रिफायनर, म्हणजे धातू वेगळे करून शुद्ध करणारे कारखाने, विटेचा चुरा तांबं किंवा लोखंडासोबत १५०० अंशांच्या आसपास वितळवतात आणि मौल्यवान धातू त्यात गोळा करतात. ते घरी जमणारं काम नाही.

पैशाच्या दृष्टीने मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भावाची. ऱ्होडियम २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेलं आणि २०२३ मध्ये ५,००० च्याही खाली आलं. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये ३,००० डॉलर ओलांडून २०२४ मध्ये १,००० च्या खाली उतरलं. रिफायनर माल घेतो, नमुना तपासतो आणि हिशेब चुकता करायला अनेक आठवडे लावू शकतो. त्या काळात पैसा अडकलेला आणि भाव मोकाट. पगार सुरू असलेला माणूस हे सोसू शकेल, तुम्ही नाही.

विजेवरच्या गाड्यांमुळे धंदा संपेल, ही तुमची भीती मात्र मला सध्या मोठी वाटत नाही. रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून बरीच वर्षं भंगारात येत राहतील.

कन्व्हर्टरच्या चोऱ्या फार होतात, तेव्हा प्रत्येक नग कोणत्या गाडीचा याची लेखी नोंद असल्याशिवाय घेऊ नका. पहिला लॉट छोटाच ठेवा. तो देण्याआधी रिफायनरकडून चार गोष्टी लेखी घ्या: तपासणीचा खर्च कोणाचा, वजावट किती, भाव कोणत्या दिवसाचा आणि ऱ्होडियमचे पैसे मिळणार की नाही. ते उत्तर आणि पहिल्या लॉटचा हिशेब मला पाठवा. त्यावरून दुसरा लॉट घ्यायचा की नाही, ते ठरवू. तोवर उरलेल्या पुंजीला हात लावू नका.