नागपुरात एम्प्रेस मिल का आली आणि का बंद पडली?

आली कापसामुळे. विदर्भाचा कापूस दारात, रेल्वे 1867 मध्येच पोचलेली. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन भर टाकली. व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली, नावही त्यावरूनच. रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायचं नव्या प्रकारचं चातं, भारतात आधी इथेच आजमावलं गेलं. जुन्या चात्यावर सूत ओढायचं, पीळ द्यायचा, मग थांबून गुंडाळायचं. रिंगवर पीळ देणं आणि गुंडाळणं एकदमच. कामगारांना भविष्य निर्वाह निधीही या मिलनं फार लवकर दिला, आणि मला हे यंत्रांपेक्षा मोठं वाटतं. पुढे यंत्रं जुनी झाली, बाहेरच्या छोट्या पॉवरलूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, कापड स्वस्त पडू लागलं. 1986 मध्ये सरकारी महामंडळाकडे जाऊनही 2002 मध्ये टाळं लागलंच. आता त्या जागेवर मॉल आहे.