बसवली सोळा, दिसते आठ

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी डीडीआर४ रॅम होती. दुसरा स्लॉट रिकामा होता, म्हणून आणखी ८ जीबीची स्टिक मागवून घरीच बसवली. पहिल्या दिवशी १६ जीबी दिसली, नंतर आठच. मध्येच एखाद्या रीस्टार्टला पुन्हा सोळा होतात. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सुरुवातीची सेटिंग्ज बदलण्याच्या साधनात) १६३८४ हा आकडा भरला, तरी फरक नाही. स्टिक परत पाठवू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : इतक्यात पाठवू नका. आधी तो भरलेला आकडा काढा. एमएसकॉन्फिग उघडून 'बूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि तिथे 'मॅक्सिमम मेमरी'समोरची टिक काढून रीस्टार्ट करा. हा पर्याय विंडोजला कमी रॅमवर चालवून पाहण्यासाठी दिलेला आहे, त्याने रॅम वाढत नाही. उलट पूर्ण १६३८४ भरले तरी थोडी रॅम कापली जाऊ शकते, कारण ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांचा (रॅममधल्या जागांच्या क्रमांकांचा) काही भाग ग्राफिक्स, वाय-फाय अशा उपकरणांसाठी राखलेला असतो आणि तिथली रॅम १६ जीबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर सरकवलेली असते.

मग रॅम नेमकी कोणाला दिसत नाही ते ठरवा. लॅपटॉपला की विंडोजला? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर गेलात की उजवीकडे वर एकूण रॅम दिसते आणि खाली 'स्लॉट्स यूज्ड' व 'हार्डवेअर रिझर्व्हड' या दोन नोंदी असतात. स्लॉट '२ पैकी १' वापरात दिसत असेल, तर दुसरी स्टिक बोर्डापर्यंत पोहोचलेलीच नाही आणि विंडोजमध्ये काही खटपट करून उपयोग नाही. दोन्ही स्लॉट वापरात असूनही हार्डवेअर रिझर्व्हडसमोर ८ जीबीच्या आसपास आकडा असेल, तर संशय एमएसकॉन्फिग किंवा बायोसवर (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डातल्या मूळ प्रोग्रामवर) घ्यायचा.

तुमच्याकडे रॅम येते-जाते आहे. सेटिंगचा दोष असा लहरी नसतो. स्टिक स्लॉटमध्ये पूर्ण बसलेली नसणे हेच कारण बहुधा निघेल.

लॅपटॉप उघडण्यापूर्वी शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. नेहमीच्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेले राहते. चार्जर काढा. मागच्या झाकणाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, ते निघतील त्याच मांडणीने कागदावर ठेवा. एखादा स्क्रू रबरी पायाखालीही लपलेला असतो. झाकण निघाल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. वायरी न ओढता तो प्लॅस्टिकच्या कडांना धरून काढा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा. बॅटरी जोडलेली असताना रॅम काढली तर बोर्ड जळू शकतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. पावसाळ्यात आपल्याकडे स्थिर विजेचा धोका कमी असला तरी एसीच्या कोरड्या हवेत तो असतोच. अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून मगच स्टिक धरा, आणि तीही कडांना.

दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सरकवल्या की स्टिक तिरकी वर येते. बसवताना जवळपास ३० अंशांच्या कोनात तिरकी धरून ती आधी आत ढकलायची आणि नंतर खाली दाबायची. घरी बसवलेल्या रॅमची बहुतेक गडबड इथेच होते. स्टिक पुरती आत जाण्याआधी खाली दाबली जाते, क्लिपा लागतात, त्यामुळे ती बसल्यासारखी वाटते, पण काही पिना टेकतच नाहीत. नीट बसलेल्या स्टिकची सोनेरी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच दिसते, आणि तीही जेमतेम. एका बाजूला जास्त सोनेरी दिसले, तर काढून पुन्हा बसवा. स्लॉट एकावर एक असतील, तर खालचा तपासण्यासाठी वरची स्टिक काढावीच लागते.

सोनेरी भागावर मळाचा थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरा, आणि वाळायला दहा मिनिटे द्या. हात धुण्याचे सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरिनचा थर मागे राहतो. खोडरबर सर्रास वापरतात, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये गेला की नवेच दुखणे. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, मऊ कोरडा ब्रश पुरे. खाडीकाठच्या दमट हवेत धूळ चिकट होऊन बसते, म्हणून जुनी स्टिकही काढून पुसून घ्या.

एवढे करूनही आठच दिसले, तर एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून चारही जोड्या तपासा. प्रत्येक वेळी बॅटरी सोडवा आणि आकडा विंडोजऐवजी बायोसमध्ये वाचा (चालू होताना एफ२, काही लॅपटॉपमध्ये एफ१० किंवा डिलीट). निकाल कागदावर लिहा. नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये दिसली नाही तर ती खराब, किंवा तुमच्या लॅपटॉपला न चालणारी. मग खुशाल परत पाठवा. एखाद्या स्लॉटमध्ये दोन्हींपैकी एकही स्टिक दिसत नसेल तर दोष त्या स्लॉटचा किंवा बोर्डाचा. एकेकट्या चालतात आणि एकत्र मात्र आठच दिसतात, असे झाले तर बायोस अपडेट करून पाहा. ते करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, अर्ध्यात वीज गेली तर बायोस कायमचा बिघडू शकतो. दोन स्टिकांचा वेग वेगळा असणे हे सहसा कारण नसते, दोन्ही कमी वेगावर चालतात एवढेच.

स्लॉटच खराब निघाला तर मदरबोर्ड बदलण्याच्या गोष्टीला लगेच हो म्हणू नका. चिप पातळीवर काम करणाऱ्याकडून स्लॉटचे सोल्डरिंग तपासून घेता येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चांगल्या स्लॉटमध्ये १६ जीबीची एकच स्टिक लावणे. ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून मिळणारा जादा वेग) जाते, त्याचा फटका मुख्यतः आतल्या ग्राफिक्सला बसतो. कार्यालयीन कामात तो क्वचितच जाणवतो.

सोळा स्थिर दिसू लागल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर स्टिक बदलून घ्यायची. 'एकच तर चूक आहे' म्हणून ठेवलेली स्टिक पुढे फाइली बिघडवते.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतला. बिलावर १६ जीबी आहे, पण विंडोजमध्ये '१६.० जीबी, १३.९ वापरण्यायोग्य' असे दिसते. दुकानदार म्हणतो, असेच असते. फसवणूक झाली का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : तुमच्या लॅपटॉपमध्ये एएमडी रायझन प्रोसेसर असेल, आणि दुकानदार बरोबर आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा लॅपटॉपमध्ये बायोस सुरुवातीलाच रॅममधून २ जीबी ग्राफिक्ससाठी बाजूला काढतो आणि आणखी थोडी इतर हार्डवेअरला जाते. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' असा पर्याय असेल तर ५१२ एमबी निवडा, १५ च्या वर आकडा येईल. पण बऱ्याच कंपन्या हा पर्याय देतच नाहीत. खेळ किंवा व्हिडिओ संपादन करत असाल तर तो असला तरी हात लावू नका. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी'समोर जवळपास निम्मी रॅम दिसते, ती राखलेली नसून गरज पडल्यास वापरण्याची मर्यादा आहे.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपमध्ये २ च्या जागी ४ जीबी टाकली. विंडोज ७ मध्ये ३ जीबीच्या आसपासच दिसते. बाकीची कुठे गेली?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : 'सिस्टम टाइप'मध्ये ३२ बिट लिहिलेले असेल. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच बसतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेच काही उपकरणांना द्यावे लागतात. ६४ बिट विंडोज हा उपाय, पण ते जुन्यावर चढवता येत नाही. सगळा डेटा बाहेर काढून नव्याने टाकावे लागते, आणि ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का हे आधी पाहायचे. त्यातही इंटेल ९४५ चिपसेट असेल तर थांबा. त्याला उपकरणांना दिलेल्या पत्त्यांवरची रॅम ४ जीबीच्या वर सरकवताच येत नाही, त्यामुळे ६४ बिट टाकूनही आकडा तोच राहील. अशा लॅपटॉपवर पैसे घालू नयेत असे आमचे मत.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय५ लॅपटॉपला १६ जीबीची एकच डीडीआर३एल स्टिक चालेल का? मला ती स्वस्तात मिळते आहे.
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. चौथ्या आणि त्याआधीच्या पिढ्यांतले इंटेलचे प्रोसेसर डीडीआर३ मध्ये एका स्लॉटला ८ जीबीच ओळखतात. १६ ची स्टिक लावली तर स्क्रीन काळीच राहते. दोन स्लॉट असतील तर ८ आणि ८ घ्या. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असेल तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच हवी, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्याच खाचेत बसते पण चालत नाही. लेबलवर पीसी३ नंतर एल हे अक्षर आहे का, ते पैसे देण्यापूर्वी वाचा.