ठळक विधानांचे प्रश्न: मधला निष्कर्ष चकवतो तो असा

तुम्ही लिहिलंय की उताऱ्यातल्या ठळक अक्षरांत छापलेल्या दोन विधानांची युक्तिवादातली भूमिका विचारली की पाचपैकी तीन पर्याय लगेच उडतात पण उरलेल्या दोनांत चुकीचाच हाती लागतो, आणि निष्कर्ष तुम्ही 'म्हणून', 'त्यामुळे' बघून शोधता. घोळ तिथेच आहे. जीमॅटच्या (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीत मीपण बरेच दिवस असंच करायचो. 'म्हणून' दिसलं की तिथे निष्कर्ष आहे एवढं कळतं, पण तो कोणाचा आणि शेवटचा की मधला हे नाही कळत.

हे बघा, मी बनवलेला उतारा. 'कारखान्यात रात्रपाळीला अपघात जास्त होतात. व्यवस्थापन म्हणतं कामगार थकलेले असतात, म्हणून पाळीचे तास कमी करावेत. पण रात्री नवीन कामगारांचा भरणा जास्त असतो, आणि नवीन कामगारांचे अपघात दिवसपाळीलाही तितकेच होतात. त्यामुळे थकवा हे खरं कारण नाही. तास कमी करण्यापेक्षा प्रशिक्षण वाढवायला हवं.'

समजा पहिलं आणि 'थकवा हे खरं कारण नाही' ही दोन ठळक आहेत. दुसऱ्याच्या आधी 'त्यामुळे' आहे, म्हणून बहुतेक जण त्याला मुख्य निष्कर्ष ठरवतात. आता दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' घालून मोठ्याने वाचा. 'प्रशिक्षण वाढवा, कारण थकवा हे खरं कारण नाही' हे पटतं. उलटं करून वाचा, 'थकवा हे खरं कारण नाही, कारण प्रशिक्षण वाढवायला हवं', काही अर्थच लागत नाही. म्हणजे मुख्य निष्कर्ष प्रशिक्षणाचा, आणि थकव्याचं वाक्य मधला निष्कर्ष, त्याला खालून नवीन कामगारांच्या माहितीचा टेकू आहे आणि ते स्वतः वरच्याला टेकू देतं.

पहिलं ठळक वाक्य तर कोणाच्याच बाजूचं नाही! अपघात जास्त होतात हे व्यवस्थापन आणि लेखक दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो का होतात यावर. त्याला पुरावा म्हणणारा पर्याय बऱ्याचदा असतो, आणि उरलेल्या दोनांतला चुकीचा तोच असू शकतो.

एक सांगायचंच आहे, आपल्या 'कारण' शब्दाला दोन कामं करावी लागतात. 'रस्ता ओला आहे, कारण पाऊस पडला' यात पावसाने रस्ता भिजवला, ओला रस्ता समोर दिसतोय, सिद्ध काहीच करायचं नाहीये. पण 'पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे' यात ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही, तो फक्त पुरावा आहे. पहिल्यात खुलासा, दुसऱ्यात युक्तिवाद. वाचताना हा फरक सुटला की पुढची सगळी लेबलं चुकतात, म्हणून मी यावर इतका अडून बसतो.

वाक्य उताऱ्यात कुठे आलंय यावरूनही निष्कर्ष ठरवू नका. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, पाच अवयवांचं (भागांचं) अनुमान सांगितलंय, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. 'पर्वतावर अग्नी आहे' हे सुरुवातीला प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान म्हणून येतं आणि शेवटी निगमन, म्हणजे निष्कर्ष म्हणून तेच परत येतं. एकच विधान दोन टोकांना, तेव्हा निष्कर्ष शेवटीच असणार हे कुठून आलं? आणि विरोधी मताला आपल्याकडे पूर्वपक्ष हा नेमका शब्द आहे, मी तर कच्च्या कागदावर 'पू' लिहूनच खूण करतो. वरच्या उताऱ्यात व्यवस्थापनाचं वाक्य 'पू', त्यात 'म्हणून' असलं तरी तो लेखकाचा निष्कर्ष नव्हे.

पर्याय वाचायच्या आधी दोन्ही विधानांना आपल्या शब्दांत नाव द्या, मग पर्यायाचे दोन तुकडे करून वेगवेगळे तपासा, कारण पहिला अर्धा बरोबर आणि दुसरा चूक हीच तिथली नेहमीची रचना. आणि छापलेल्या वाक्याला कोणी गृहीतक म्हणत असेल तर जरा थांबा, या प्रश्नांत गृहीतक बहुधा न लिहिलेलंच असतं.