पाटे काढून बलून बसवले, आता विम्याचा क्लेम मिळेल का?

प्रश्न : माझी पिवळ्या नंबर प्लेटची पिकअप आहे, एकच गाडी, चालवतोही मीच. पेणहून मुंबईला गणपतीच्या मूर्ती आणतो. खड्ड्यांत शाडूच्या मूर्तींना तडे जायचे, म्हणून एका गॅरेजवाल्याचं ऐकून मागचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढले आणि त्यांच्या जागी एअर सस्पेन्शनचे, म्हणजे हवेच्या दाबावर गाडी तोलणारे, बलून बसवले. ‘आरटीओला चालतं’ असं तो म्हणाला होता, बिलही दिलं. गेल्या महिन्यात पनवेलजवळ गाडी कडेला उभी असताना मागून डंपरने ठोकली. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने बलून पाहिले आणि ‘अनधिकृत बदल’ म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. फिटनेसची तारीखही जवळ आली आहे. काय करू?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : क्लेम नाकारल्याचं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. पण त्याआधी एक विनंती. पाटे परत बसेपर्यंत या गाडीत माल भरू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. आरसी बुकात सस्पेन्शनचा उल्लेख नसतो, मग बिघडलं कुठे, असा युक्तिवाद पूर्वी व्हायचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही असं स्पष्ट केल्यावर त्यात फारसा जीव उरलेला नाही. गाडीचं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेत तपासून मंजूर होतं, ते त्याच पाट्यांसह. कलम १८२ अ (४) खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरला म्हणून बदल कायदेशीर होत नाही. आणि बलूनमुळे गाडी जास्त वजन पेलते या समजुतीवर कोणी जादा माल भरत असेल, तर आरसीवरचं एकूण वजन तेवढंच राहतं. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो.

माल भरू नका म्हणालो त्याचं कारण नुसतं कलम नाही. पाटे भार पेलतात आणि मागचा अॅक्सल, म्हणजे मागची चाकं जोडणारा आस, जागेवर धरूनही ठेवतात. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अॅक्सल धरायला वेगळ्या दांड्या असतात, त्यामुळे तिथे स्प्रिंगच्या जागी बलून बसवणं त्यामानाने सोपं. तुमच्या गाडीत मात्र त्या दांड्या नव्याने लावाव्या लागल्या असणार, बहुधा चॅसीवर वेल्डिंग करून. खाली वाकून पाहा. दुसरी गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ एक बारीक दांडी असते आणि ती वरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाढतो. बलूनमध्ये हवा भरून गाडी पुन्हा वर उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. उद्या यातून कुणाला इजा झाली, तर निष्काळजीपणाचा आरोप तुमच्यावर येईल, गॅरेजवाल्यावर नव्हे.

आता क्लेम. इथे तुमची बाजू चांगली आहे. गाडी उभी होती आणि धडक मागून बसली. बलूनऐवजी पाटे असते तर डंपर थांबला असता का? बदलाचा अपघाताशी संबंध काय, हे कंपनीने दाखवायला हवं, आणि लेखी उत्तरात तोच प्रश्न विचारा. अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी सगळा क्लेम फेटाळू नये. ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. गाडीच्या नुकसानीसाठी डंपरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा अर्जही करता येईल. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि तुमचा एक महिना गेला आहे. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून मिळत नाहीत, म्हणून दोन्हीकडे दुसऱ्या अर्जाचा उल्लेख करा.

गॅरेजवाल्यालाही मी सोडणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही ‘डीलर’ ठरतो, आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या डीलरला कलम १८२ अ (१) खाली एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद आहे. तुमचे पैसे परत मिळवायचा रस्ता मात्र ग्राहक आयोगाचा. ‘धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही’ असं तो म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे, आणि एकच गाडी स्वतः चालवणारा माणूस त्यात अगदी चपखल बसतो. तुम्ही विक्रोळीत राहता, म्हणून उपनगर जिल्हा आयोगात दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. ‘आरटीओला चालतं’ हे त्याने व्हॉट्सअॅपवर कुठे लिहिलं असेल तर तो मेसेज जपा.

क्रम चुकवू नका. आधी बलून, वेल्डिंगच्या जागा आणि डंपरने केलेलं नुकसान यांचे तारखेसह फोटो काढा. तुम्ही पुरावा हलवल्याचा आरोप नको, म्हणून दुरुस्ती सुरू करतोय हे कंपनीला ईमेलने कळवा. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ पाटे नव्या यू-बोल्टसह (पाटे अॅक्सलला आवळणारे बोल्ट) बसवून घ्या, चॅसी आणि ब्रेक व्हॉल्व्ह तपासून घ्या आणि हे सगळं जॉब कार्डवर लिहून मागा. काढलेले बलून भंगारात देऊ नका, आयोगासमोर लागतील. जॉब कार्ड हातात आल्यावरच फिटनेसची अपॉइंटमेंट घ्या.