पुरुषांच्या प्रश्नांवर काम करणारा थेरपिस्ट शोधायचाय? आधी फोनवर काय विचारायचं ते ठरव

मित्रा, तुझा प्रश्न नीट वाचला. बाळ झाल्यापासून झोप उडालीये, घरात बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढतो, रात्रीची दारू वाढलीये, आणि एका काउन्सेलरकडे गेलास तर त्या सारखं "आत काय वाटतंय" विचारत राहिल्या आणि तुला "माहीत नाही" याच्यापुढे काही सांगता येईना. म्हणून आता पुरुषांच्या मानसिक आरोग्यातलाच कुणी स्पेशालिस्ट हवाय. तुला हवंय ते चुकीचं अजिबात नाहीये, फक्त शोधायची पद्धत जरा बदलावी लागेल.

सगळ्यात आधी एक विचारतो. मरून जावं, आपण नसलेलंच बरं, असे विचार येतात का? तू तसं लिहिलेलं नाहीस, पण पुरुष हे सहसा लिहीत नाहीत, आणि जगभरात आत्महत्येचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांच्या दुपटीहून जास्त आहे म्हणून विचारतोय. येत असतील तर थेरपिस्टचा शोध बाजूला ठेव, आजच बायकोला किंवा जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांग आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा नाहीतर हेल्पलाइनला फोन लाव. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

आता मुद्दा. "मेन्स मेंटल हेल्थ स्पेशालिस्ट" असं वेगळं लायसन्स बहुतेक ठिकाणी नसतंच. थेरपिस्टच्या याद्यांमध्ये "पुरुषांचे प्रश्न" असा फिल्टर असतो ना, त्यावर बऱ्याचदा थेरपिस्टने स्वतःच टिक केलेलं असतं, आणि त्याच माणसाने आणखी वीस गोष्टींवरही टिक केलेलं असतं. तेव्हा आधी त्याचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन बघ, हे दोन्ही तपासता येतं, आणि मग फोनवर बोलून अंदाज घे की आपल्यासारखा माणूस समोर आला तर याला त्याच्यातलं डिप्रेशन दिसेल का. मला विचारशील तर अख्ख्या शोधातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

कारण ते दिसत नाही, हे खरंच घडलेलं आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८० च्या दशकात तिथल्या फॅमिली डॉक्टरांना डिप्रेशन ओळखायचं आणि त्यावर उपचार करायचं खास ट्रेनिंग दिलं. आत्महत्या कमी झाल्या, पण बायकांच्या, पुरुषांच्या आकड्यात जवळपास फरकच पडला नाही. डॉक्टरकडे हे पुरुष जातच नव्हते, आणि त्यांची लक्षणंही नेहमीच्या यादीत बसत नव्हती, रडणं आणि उदास बसणं याऐवजी चिडचिड, आक्रमकपणा, दारू, सतत ताणाखाली असणं. त्यातूनच पुढे पुरुषांमधलं डिप्रेशन ओळखायला गॉटलंड स्केल नावाची वेगळी प्रश्नावली तयार झाली. आता याच्याशेजारी सगळीकडे भरून घेतात ती डिप्रेशनची नेहमीची प्रश्नावली, पीएचक्यू-९, ठेव. ९ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, स्कोअर ० ते २७, चांगलंच साधन आहे, पण त्यात रागाबद्दल आणि दारूबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणजे तुझ्यासारख्या माणसाचा त्यात कमी स्कोअर येऊ शकतो आणि "तुम्ही ठीक आहात, थोडा स्ट्रेस आहे" असं ऐकून तो घरी परत जाऊ शकतो. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून शोधताना "पुरुष" या शब्दावर अडू नकोस, तुझ्या त्रासाच्या नावाने शोध. तुझ्या बाबतीत पहिलं नाव म्हणजे नवीन बाप झाल्यावरचं डिप्रेशन. आईला होतं तसं बापालाही होतं, २०१० साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा साधारण १० टक्के बापांमध्ये ते दिसलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना जास्त. बाळंतपणानंतरच्या काळात आईबाप दोघांसोबत काम करणारे थेरपिस्ट असतात, त्यांनी कदाचित "पुरुष" या खान्यात टिक केलेलंही नसेल, पण तुझ्या घरात रात्री काय चाललंय ते त्यांना लगेच कळेल. दुसरं नाव म्हणजे दारू आणि मूड दोन्ही एकत्र हाताळणारे. "आधी दारू सोडा मग या" म्हणणारा नको, आणि दारूचा विषयच न काढणारा तर नकोच नको.

बरेच थेरपिस्ट सुरुवातीला दहापंधरा मिनिटं फोनवर बोलतात, तिथे सरळ विचार, त्यात उद्धटपणा काही नाही. "चिडचिड आणि दारू घेऊन येणाऱ्या पुरुषासोबत तुम्ही सुरुवात कशी करता?" असं विचार आणि ऐक. तो उलट तुलाच विचारायला लागला की झोप किती, दारू किती आणि कधी, अंग दुखतं का, कामावर काय चाललंय, बायकोशी कसं आहे, बाळाला घेतल्यावर कसं वाटतं, तर माणूस कामाचा आहे. नुसतं "आपण राग कंट्रोल करायच्या टेक्निक शिकू" एवढंच आलं तर पुढचा नंबर लाव. आणि "पुरुषांनीही रडलं पाहिजे, मोकळं झालं पाहिजे" एवढ्यावरच थांबणाऱ्यापासूनही जरा सांभाळून, हेतू चांगला असतो पण तुला आज रडू येत नाहीये हाच तर प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न, "मला आतलं सांगायला शब्दच सापडत नाहीत, मग तुम्ही काय करता?" मित्रा, हे तुझ्या एकट्याचं नाही. रोनाल्ड लेव्हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर खूप काम केलंय, लहानपणापासून भावना दाबायला शिकवलेल्या मुलांना मोठेपणी त्या ओळखताच येत नाहीत असं त्याचं म्हणणं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये मुलगे आणि पुरुष यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठी खास मार्गदर्शक तत्त्वंही काढली, ती वाचलीत का हेही विचारायला हरकत नाही. ज्याला हे काम येतं तो भावनेपासून सुरू करत नाही, घटनेपासून करतो. काल रात्री बाळ रडलं, तू ओरडलास, त्याच्या मिनिटभर आधी जबडा आवळला होता का, छातीत गरम झालं होतं का, डोक्यात कुठलं वाक्य आलं. तिथून हळूहळू शब्द येतात. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) किंवा बिहेविअरल ॲक्टिव्हेशन (छोट्या कृती ठरवून त्या करत जायची थेरपी) करणारे लिहायला, करून बघायला काहीतरी देतात आणि ज्यांना नुसतं बसून बोलणं जमत नाही अशा बऱ्याच जणांना ते सोपं जातं.

तिसरा प्रश्न, "आपण नक्की कशावर काम करतोय आणि बरं वाटतंय की नाही हे कसं बघायचं?" एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये मांडलं होतं की थेरपीतलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं, ध्येय कुठलं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. तुझ्या मागच्या अनुभवात मला वाटतं पहिल्या दोन गोष्टी ठरल्याच नव्हत्या. त्या बाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. "हा प्रश्न मला कळत नाहीये, दुसऱ्या पद्धतीने विचारा" असं सांगितल्यावर बदलतात असेही बरेच असतात, तेव्हा पुढच्या वेळी न सांगता जाणं बंद करू नकोस. तीनचार सेशन दे, अडतंय ते तोंडावर सांग, तरी हललं नाही तर बदल.

पुरुष हवा की बाई? बहुतेकांना सरासरीने फार फरक पडत नाही, पण तुला एखाद्यासमोर तोंडच उघडता येत नसेल, विशेषतः शारीरिक संबंधांबद्दल किंवा लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल, तर तुझी पसंती महत्त्वाची, ती बिनधास्त सांग.

एक गोष्ट थेरपीच्या बाहेरची पण करच. डॉक्टरकडून साधी तपासणी करून घे, थायरॉइड बघायला सांग, आणि बायकोला विचार की झोपेत जोरात घोरतोस का, मध्येच श्वास थांबतो का, कारण स्लीप ॲप्नियाने माणूस दिवसभर थकलेला आणि चिडका राहतो आणि ते कितीही बोलून बरं होत नाही. आणि दारू रोज आणि बरीच होत असेल तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरला विचारून कमी कर. अचानक थांबवल्याने फिट्स येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. गोळ्या लागतील असं वाटलं तर ते सायकियाट्रिस्ट ठरवेल, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि गोळ्या आणि थेरपी दोन्ही बरोबर चालू शकतात.

फोन करायला जड जात असेल तर मेसेज कर. असा: "नमस्कार, काही महिन्यांपूर्वी मला बाळ झालं. तेव्हापासून झोप नाही, चिडचिड होते, दारू वाढलीये. मला भावनांबद्दल बोलायला जमत नाही. नवीन वडिलांसोबत तुम्ही काम केलंय का, आणि या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?" एकाच वेळी तीनचार जणांना पाठव, काहींची वेटिंग लिस्ट असते आणि काही जण उत्तरच देत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि पहिल्या सेशनला इथे तू जो प्रश्न लिहिलायस तोच मोबाईलवर उघडून त्यांना वाचायला दे, त्यात सगळं आलंय.